टक्

किल्ली फिरवली की कधी घुर्रर्र,
कधी फक्त टक्.
एकच. पुढे काही नाही.
डॅशबोर्डवरचे दिवे मात्र लखलखीत, साळसूद,
भांडण चाललेल्या घरात पाहुणे आल्यावर लागतात तसे.

सत्त्याण्णव सालची मारुती आठशे.
घेतली तेव्हा डाळिंबी, आता ग्वाल्हेरच्या उन्हाने विटकरी.

फाळके गच्चीतून विचारायचे,
काय हो, आजही सुरू होऊन नाही राहिली का?
बॅटरी असेल, म्हणाले. बदलली.
त्यांचा जावई म्हणाला, स्टार्टर.
तोही उतरवला, बुश घातले, कार्बन बदलले.
अकरा दिवस बरे गेले.
बाराव्या दिवशी दौलतगंजात
पुढे कांद्याची हातगाडी, मागे ई-रिक्षांची माळ,
आणि टक्.

सगीर मिस्त्रींकडे नेली की पहिल्या झटक्यात लागायची.
दवाखान्याच्या पायरीवर मुलांचा ताप उतरतो, तशी.
ते हसायचे नाहीत, हे त्यांचे उपकार.
"मर्ज़ दिखे तो पकड़ूँ, मैडम."

म्हणून वही केली.
प्रॅक्टिकलची जुनी, एक पान रेघांचं,
समोरचं कोरं, आकृतीसाठी.
तीन मे, सकाळी सहा, दूध. लागली.
तीन मे, दुपारी एक, पडाव पुलाखाली दहा मिनिटं उभी. टक्.
सात मे, बँकेबाहेर, उन्हात. टक्, टक्, मग लागली.
आठ मे, कुठेच गेले नाही.
(हे कशाला लिहिलं, कोण जाणे.)
अकरा मे, रात्री. लागली.
चौदा मे, दुपारी. टक्.

वही वाचून मिस्त्री एवढंच म्हणाले,
"गरम करके लाओ."

सेहेचाळीस डिग्री.
किल्ल्याच्या पायथ्याने दोन फेऱ्या मारल्या, काचा बंद,
आणि छावणीत त्यांच्या दुकानासमोर गाडी बंद केली.
दहा मिनिटं घड्याळ लावून बसलो दोघं,
त्यांचा पोरगा गुलशन पाण्याचा जग घेऊन उभा.
फिरवली.
टक्.
उभ्या उन्हाळ्यात पहिल्यांदा त्या आवाजाचा मला आनंद झाला.

त्यांनी एक जाड तार आणली.
एक चिमटा बॅटरीच्या ऋण टोकाला,
दुसरा इंजिनच्या उघड्या बोल्टाला चावायला लावला.
"अब घुमाओ."
घुर्रर्र.
"अर्थ नहीं मिल रहा था इसको."

मी हसले. का, ते त्यांना कळलं नाही.
त्यांच्याकडे त्याला मतलब म्हणतात,
अर्थ म्हणजे ही काळी तार, बस.

काढली. वरून शाबूत,
रबर गुळगुळीत, बोल्ट चकचकीत.
पात्याने चिरली तर आत मोरचुदाची भुकटी
आणि तिच्यात कशाबशा जीव धरून
चार-पाच तारा.
दिवे लावायला तेवढ्या पुरत होत्या.
इंजिन थंड असेल तर उठवायलाही.
तापल्यावर नाही.

एकतीस वर्षं कंपूच्या शाळेत
फळ्यावर मी हेच काढलं.
सेल, बटण, दिवा, बाण.
जाणारी तार नीट, पट्टीने, मुलींना दोनदा विचारून.
परतीची नेहमी हाताने, वाकडी,
कारण तोवर घंटा व्हायला आलेली असायची,
आणि दिवा तर लागलेलाच असायचा
फळ्यावर.

तारेचे एकशे ऐंशी, मजुरीचे पन्नास.
गुलशनने विचारलं, पुरानी फेंक दूँ?
नको, म्हटलं.

घरी येऊन वहीचं कोरं पान उघडलं.
पट्टी धरली. इंजिनपासून बॅटरीपर्यंत
परतीची रेघ सावकाश नेली,
मध्ये एकदा उठून पंखा वाढवला.

फाळक्यांना चिरलेली तार दाखवली.
चष्मा वर करून बघितली त्यांनी, उलटसुलट.
म्हणाले, बघा,
मी म्हटलंच होतं, बॅटरीजवळच काहीतरी.