मोठ्या भरतीचा शनिवार

आमच्या चिलोए बेटावर घर हलवायचं तर
आधी दारोदार जाऊन शब्द टाकावा लागतो.
पैसे द्यायचे नसतात. मागायचं असतं.
नेमकं तेच मला येत नव्हतं.

अकरा वर्षं मी कुणाकडे चिमूटभर मीठ मागितलं नव्हतं.
मनगट शिडीवरून पडून मोडलं.
दात गाईच्या लाथेने गेला.
गाय तर तेव्हा विकलेली होती,
आणि विकत घेणारा एर्मिनिओच होता.
तो ऐकून घ्यायचा, टोपी हातात फिरवत.

जमीन आबेलार्दोची. कागद तसंच सांगतो.
घर मात्र माझ्या बापाने बांधलेलं,
आलेर्सेच्या फळ्या डोंगरातून पाठीवर आणून.
न्यायाधीशबाई म्हणाल्या, घर तुमचं, जमीन त्यांची,
आणि चष्म्यावरून बघत राहिल्या,
जणू हा काही पेच आहे.
त्या मुख्य भूमीवरच्या.
त्यांना काय ठाऊक, आमच्याकडे घरं चालतात.

पहिल्या दारासमोर इतकी उभी राहिले
की कुत्रं भुंकून दमलं.
'शनिवारी मोठी भरती आहे,' मी म्हणाले,
'मला घर हलवायचंय.'
एर्मिनिओ म्हणाला, 'बैल मोकळे आहेत.'
का, ते विचारलं नाही.
मी उत्तर पाठ करून गेले होते.
ते तसंच तोंडात घेऊन परतले,
न चावलेल्या घासासारखं.

लुदगार्दाकडे सगळ्यात शेवटी.
तिची खिडकी आमच्या स्वयंपाकघरासमोर.
तिने सगळं ऐकलंय. रेडिओ मोठा करायची.
शनिवारी ती दोन पोती बटाटे घेऊन आली
आणि किसत बसली अंधार पडेपर्यंत,
बोटांची सालं निघेस्तोवर.
मी तिला माफ केलं का, माहीत नाही.
बटाटे चांगले होते.

काचा काढल्या. चूल काढली.
खाली ओंडके सारले. आठ जोड्या बैल,
माणसं किती, मोजायचं राहून गेलं.
दोर ताणला तसं घर आधी कण्हलं,
दाबलेल्या तोंडाने कण्हावं तसं.
तो आवाज माझ्या ओळखीचा.
मग हललं.
उतारावर घर फिरलं, आणि वासेही फिरले,
सगळे, माझ्या बाजूने.

पाण्यात कमरेपर्यंत बुडलं, कललं,
आणि तरंगलं.
दोन होड्या पुढे ओढत होत्या. मी तिसरीत.
स्वयंपाकघराच्या दारातून समुद्र आत गेला.
ज्या लाकडावरून मी कैक रात्री पुसून काढलं
(काय, ते सांगत नाही)
ते त्याने एकदाच धुतलं.
मी घर बाहेरून इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं.
केवढंसं होतं!
एवढ्याशा जागेत अकरा वर्षं मावली होती.

आता ते आईच्या वाट्याच्या तुकड्यावर आहे.
दार पूर्वेला. खांब थोडे कमीजास्त झालेत,
कपातला चहा एका कडेला झुकतो.
जिन्याची तिसरी पायरी अजून तशीच वाजते.
रात्री थंडीने लाकूड आवळतं, ती वाजते,
आणि मी उठून बसते, श्वास धरून.
कुणी वर येत नाही.
तरी पुढच्या पायऱ्या मोजते. चौथी. पाचवी.
एर्मिनिओचा पोरगा म्हणाला, बदलून देतो,
दोन खिळ्यांचं काम.
मी म्हणाले, राहू दे सध्या.
का म्हणाले, कोण जाणे.

काल ओलिंदा आली. घोटाभर चिखल, आत येईना.
दारातूनच म्हणाली, पुढच्या महिन्यात
कोठार हलवायचंय. दोर धरायला येशील?
मनगट दुखतं माझं, गारठ्यात तर फार.
'येते,' म्हणाले.
मग आत जाऊन
बापाचे हातमोजे शोधत बसले.