वानवळा

ओकायामा, सत्तावन्न सालचा ऑगस्ट.
हगवणीचा वॉर्ड व्हरांड्यापर्यंत आलेला.
माझं काम काच धुण्याचं: नळ्या, चंबू, झाकणाच्या बशा.
बोटांना कायम फिनेलचा वास.
नवऱ्याने कधी तक्रार केली नाही,
तो मासळीबाजारात होता.

सात नंबरच्या खाटेवर तेरुओ, वय पाच.
सल्फा दिलं, स्ट्रेप्टोमायसिन दिलं,
टेट्रासायक्लिन, मग क्लोरॅम्फेनिकॉल.
जंतू चौघांना पुरून उरला.
त्याच्या आईलाही तीच हगवण, तोच जंतू,
तिच्यातला मात्र पहिल्याच गोळीला गारद.

डॉक्टर इनागाकी रात्रभर शून्यं मांडत बसले.
औषधाला दाद न देणारा एक बदल
कोटीत एखाद्याच्या नशिबी.
चार बदल, एकाच पेशीत, एकाच उन्हाळ्यात?
शून्यं कागदावरून उतरून टेबलावर आली.
"असा जुगार कुणी जिंकत नाही, मिसाओ,
याला कुणीतरी आयतं दिलंय."

मग तेरुओच्याच पोटात नांदणारा एक साधा, निरुपद्रवी जंतू
आणि हगवणीचा एक हळवा, चारही औषधांना मरणारा,
दोघांना एका चंबूत रात्रभर एकत्र ठेवलं.
सकाळी चारही औषधं कालवलेल्या बशीवर
हळव्याची वस्ती उठली होती,
फिक्कट, टाचणीच्या डोक्याएवढी.
बशी मी धुतलेली. मला वाटलं, चूक माझीच.
पुन्हा धुतली. पुन्हा ठिपके.
तिसऱ्यांदा इनागाकींनी स्वतः धुतली, माझ्याहून वाईट,
आणि ठिपके तेच.

आईकडून लेकीकडे नव्हे,
शेजारणीकडून शेजारणीकडे.

बाकीचं पुढे कळलं, नातवाच्या पुस्तकातून:
गुणसूत्राहून वेगळी, डीएनएची एक छोटी गोल कडी.
तिचा एक पदर सुटून पलीकडे जातो,
दोन्ही घरांत कडी पुन्हा पुरी होते,
देणारीचं काही उणं होत नाही.
कडीवर लिहिलेलं असतं:
हे औषध असं उपसून बाहेर फेका,
त्या रेणूला अशी गाठ मारा की तो कुठेच बसू नये.

आमच्या गल्लीत अशीच एक फळी फिरायची, कायरानबान.
वाचायची, शिक्का मारायचा, शेजारी द्यायची,
सोबत वानवळा म्हणून दोन वांगी.
लढाईच्या वर्षांत तिच्यावर दुसरंच असायचं:
खिडकीला काळा कपडा लावा,
वाळूची बादली दारात ठेवा,
विमानं आली तर आडोसा कुठे.
ज्यांच्याकडे फळी पोचली त्यातलेही सगळे वाचले नाहीत.
पण जे वाचले, ते सांगत राहिले.

म्हणून जंतूंचा राग मला नीट करता आला नाही.
विमानं आमची होती, एवढंच.
फळी आम्ही लिहिली नव्हती, ती आधीच कुठेतरी फिरत होती.
आम्ही फक्त ज्यांच्याकडे ती नव्हती
ती घरं रिकामी करत गेलो.

तेरुओची औषधं थांबवली.
शिरेतून मिठाचं पाणी, तोंडाने पेज,
आई चमच्याने, रात्र रात्र.
अकराव्या दिवशी त्याने सिकाडा मागितला, काडेपेटीत घालून.

त्या संध्याकाळी होरिउची बाई फळी घेऊन दारात.
मी म्हटलं, ठेवा तिथेच.
आधी हात धुतले, कोपरापर्यंत.
मग शिक्का मारला
आणि पलीकडच्या घरी गेले.