ढोमीचे खडे

ढोमीचं डोकं फोडताना आडाळी अडते.
आतून दोन खडे निघतात,
शिंपल्याच्या पोटासारखे पांढरे.
लहानपणी खिशात घालून शाळेत न्यायचो,
आता नुसते करवंटीत टाकते.
टाकून देववत नाहीत, एवढंच.

इंजिन नव्हतं तेव्हाची गोष्ट.
निवतीच्या दीपगृहाकडे तोंड करून
बाबा वल्हं पाण्यात उभं धरायचा
आणि वरच्या टोकाला कान.
“आयक गो, ढोमी बोलतत.”
मी कान लावायची.
लाकूड घोरायचं,
दाढेपर्यंत घोरायचं.
जाळं मग तिकडेच पडायचं.

पुढं बावीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनाशेजारी,
आणि बाबाचे कान गेले.
तोलही जातो म्हणून कुडाळला नेला.
तेरसे डॉक्टरणीनं मानेला तारा चिकटवल्या.
मान वळवून धरा म्हणाली,
त्याला कुठलं ऐकू यायला,
मीच हातानं वळवली.
कानातल्या यंत्राची टकटक
मला बाकावर बसून ऐकू येत होती.
बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला,
“कधी चालू करतली ही?”
आणि तिकडे पडद्यावर
प्रत्येक टकटकीला
त्याच्या मानेतून एक बारकी लाट उठत होती.

डॉक्टरणीनं कागदावर काढून दाखवलं:
हा ऐकण्याचा शंख, हा गेलाय.
ही त्याच्या शेजारची पिशवी,
हिच्यावर खडूच्या भुकटीएवढे खडे.
खाली कुठं, वर कुठं, एवढंच हिचं काम.
पण मोठा आवाज आला की हीही हलते.
मासे असल्याच पिशवीनं ऐकतात,
तेव्हाची सवय असेल, कदाचित.
कदाचित, ती पुन्हा म्हणाली,
ऐकणं मात्र म्हणू नका त्याला.

मग काय म्हणू, ते विचारायचं राहिलं.
साडेचारची एसटी होती.

शिमग्यात बाबा पायरीवर बसला होता,
रस्त्याकडे पाठ,
जाळ्याला शिसं ओवत.
रोंबाट देवळाच्या वळणावरून आत शिरलं.
मोठा ढोल पुढे,
माझ्या छातीतली हाडं वाजायला लागली.
त्यानं वळून पाहिलं नाही.
शिसं खाली ठेवलं,
पाय जरा फाकवून रोवले,
होडीत रोवतो तसे,
आणि तळवा जमिनीला टेकवून म्हणाला,
“भरती इली काय गो?”

मी मान हलवली. हो.

ओहोटी लागून तास झाला होता.