फेब्रुवारीचा शेवटचा रविवार

आमच्याकडे उन्हाळा याच सुमारास
आटोपतं घेतो.
पुयुवापीच्या धक्क्यावर होड्या पालथ्या घालून झाल्या,
भाड्याच्या खोलीची किल्ली शेजारणीच्या हाती दिली,
आणि पिकअपचं दार दोनदा आपटून
निघालो, निघतो निघतो म्हणत, अकरा वाजता.

एलिसेओच्या मांडीत दोन लिटरची बाटली.
आत समुद्र. म्हणजे खाडीचं पाणी, शेवाळाची एक चिंधी,
आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे एक मासा,
जो अजून कुणाला दिसलेला नाही.
"झाकण घट्ट लाव," मी म्हणाले.
"मग तो श्वास कसा घेणार?"
यावर ओस्वाल्दोकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही.
झाकण सैलच राहिलं.

केउलातचा घाट लागला तशी
चाकांखालची खडी बडबडायला लागली.
नाल्काची पानं, एकेक पान छत्रीएवढं,
रस्त्यावर ओणवून आत डोकावत होती:
कोण चाललंय, किती जण, पुन्हा कधी.
वर धुकं जरा फाटलं आणि हिमनदी दिसली,
दोन कड्यांच्या मधे,
वाळत घालून विसरलेल्या चादरीसारखी.
"बघ, बघ," मी म्हणाले. रायेननं मान वळवली नाही.
कानात वायरी, कपाळ काचेला टेकलेलं,
प्रत्येक खड्ड्याला ते काचेवर आपटत होतं
आणि ती आपटू देत होती.

उद्या ती कोयाइकेच्या वसतिगृहात जाईल.
तिच्या ट्रंकेवर मी पांढऱ्या रंगानं नाव लिहिलंय,
रंग उरला म्हणून खाली एक फूल काढलं.
ते तिनं रात्रीत खरवडून टाकलं.
मी काही बोलले नाही.
माझ्या ट्रंकेवर, तेव्हा, आईनं बदक काढलं होतं.

सिस्नेसच्या फाट्यावर दोन्या ओतिलियानं हात केला.
पोत्यातून कोंबड्याची मान बाहेर,
जणू तिकीट त्याचंच होतं.
ती मागे पोरांच्या मधे बसली, कोंबडा तिच्या मांडीत,
आणि गाडीत लोकरीचा, धुराचा वास भरला.
"कुठून?"
"समुद्रावरून," एलिसेओ म्हणाला.
"मग? भरलं का मन?"
रायेननं कानातली एक वायर काढली.
"नाही," म्हणाली. सकाळपासूनचा तिचा पहिला शब्द.
"नाहीच भरत," म्हातारी म्हणाली, आणि कोंबड्याला
गप्प बस म्हणून टपली मारली,
खरं तर तो गप्पच होता.

पुढे उतारांवर जळकी झाडं.
आजोबांच्या पिढीनं गुरांना चारा हवा म्हणून
रानंच्या रानं पेटवली, ती विझता विझेनात म्हणतात.
खोडं अजून उभी आहेत, पांढरी, हाडांसारखी,
आणि त्यांच्या पायथ्याशी मेंढ्या
निवांत चरतायत.
दरवर्षी ओस्वाल्दो इथे वेग कमी करतो.
का, ते मी विचारत नाही.

आमेन्ग्वालला म्हातारी उतरली.
भाड्यापोटी चार अंडी माझ्या टोपीत ठेवून गेली,
अजून कोमट.

मान्यिवालेस आलं तेव्हा ऊन तिरपं होऊन
आमच्याच पत्र्याच्या छपरावर पडलं होतं.
ओस्वाल्दोनं इंजिन बंद केलं. कुणी उतरेना.
धूळ आमच्या मागून आली, पुढे गेली, मग खाली बसली.
पायाखालची चटई ओली, खारट वासाची:
घाटाच्या एकेका वळणाला समुद्र घोटघोट सांडला होता.
एलिसेओ तोंड उघडं टाकून झोपलेला.
रायेननं त्याच्या बोटांतून बाटली सोडवली.
तळाशी चार बोटं पाणी.
ती तिनं काचेपाशी, उजेडात धरली,
एक डोळा मिटून, बराच वेळ.
"दिसला?" मी विचारलं.
"आत्ता होता," ती म्हणाली,
आणि झाकण लावलं. पण सैल.