परस

बहात्तर साली औसा तालुक्यातल्या विहिरींची
मोजदाद करायला मला धाडलं होतं.
एक रजिस्टर, शाईची दौत
आणि सरकारी टेप, बाराव्या हातावर तुटलेला.

शिपाई म्हणाला, मन्मथप्पाला बोलवा,
त्यो दर्यातला माणूस हाय.

औशात, दर्यातला माणूस.
आमच्याकडं समुद्र म्हणजे शाळेच्या नकाशातला निळा भाग,
तोही वाळवीनं निम्मा खाल्लेला.

तो आला. खांद्यावर दोरीचं वेटोळं,
टोकाला मुसळासारखं शिसं.
दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तिनावर तीन,
पाचावर पांढरं फडकं, सातावर तांबडं.
"अंधारात व्हटांनी वळखायच्या."
शिशाच्या बुडाला खळगा, त्यात मेण.
"तितं चरबी भरायचो, जनावराची.
गळ्यात लिंग आन् बोटाला चरबी.
गावात कुणाला सांगितलं न्हाई, तुमीबी सांगू नका."

सोलापुरात भरती झाली. पगार कलदार, हाली नव्हे.
पवता येतं का? येतं साहेब.
कुठं शिकलास?
बारवंत.

पहिल्या विहिरीवर त्यानं शिसं तीनदा टाकलं,
तीन कोपऱ्यांत.
मी म्हणालो, एकदा पुरे, अजून साठ विहिरी आहेत.
त्यानं ऐकलं नाही.

सातव्या विहिरीच्या काठावर, भाकरी सोडताना, तो बोलला.
आराकानकडचं बेट. नाव घेतलं नाही.
पौषाचं धुकं. मागं मोठी जहाजं,
तोफांचे गोळे डोक्यावरून बेटाकडं चाललेले,
"जसं वर आभाळात कुणी जातं ओढूलालंय."
चपट्या बुडाची होडी, चाळीस शिपाई,
पाठीवर प्रत्येकाच्या मण-मणाचं ओझं.
पुढं नाकाडावर हा, हातात हीच दोरी.

पाच. साडेतीन. दोन.
मग शिसं वाळूला टेकलं
आणि इंग्रजी आकडा जिभेवरून निसटला.
तो ओरडला, अर्धा परस!
गोऱ्या पोराला परस कळेना.
म्हणून यानं हात कमरेला लावून दाखवला.

फळी पडली. पहिले आठ उतरले.

"वाळूचा उंबरा व्हता तो.
उंबऱ्यापल्याड घर असतंयच की, साहेब.
मी घर मोजलंच न्हाई."
उंबऱ्यापल्याड दोन परस पाणी.
ओझ्यासकट गेले, वर टोप्यासुद्धा आल्या नाहीत.
मागच्यांनी दोऱ्या टाकल्या, होडी मागं घेतली,
दुसरीकडून लागली, बेट मिळालं.
संध्याकाळी सगळ्यांना रम. यालाही दिली.
यानं ती समुद्रात ओतली
आणि त्याबद्दल शिव्या खाल्ल्या.

"सत्तावीस वर्सं झाली म्हणता. बुडूलालेत अजून."

मी भाकरी चावत राहिलो.
बुडाले असं तो म्हणाला नाही.

परस म्हणजे पुरुष, वर हात केलेला एक माणूस,
हे मला माहीत होतं.
रजिस्टरात शेकडो वेळा लिहिलं होतं:
चार परस, सहा परस, साडेनऊ.
त्या दिवसानंतर आकडा लिहिताना
एकावर एक उभे दिसू लागले.

बऱ्याच विहिरी कोरड्या होत्या.
तरी तो शिसं सोडायचा, खडकाचा आवाज ऐकायचा,
पुन्हा ओढायचा, दुसऱ्या कोपऱ्यात सोडायचा.
लोक हसले. एका पाटलानं विचारलं,
आप्पा, गळाला काय लागलं?
मेणाला काय काय चिकटून यायचं:
काळा गाळ, चिंचोका, कासवाच्या पाठीचा तुकडा,
एकदा हिरव्या काकणाची काच.

आणि दर वेळी तो तो गाळ जिभेवर ठेवायचा,
डोळे मिटून, एखादं औषध तपासावं तसा,
आणि मला म्हणायचा, लिहा,
खारं न्हाई.

रजिस्टरात तसा रकाना नव्हता.
क्रमांक, मालक, खोली, पाणी, एवढेच.
मी काही दिवस मान डोलावून चालवून घेतलं,
मग तो मागून येऊन पानात डोकावू लागला.
वाचता येत नव्हतं त्याला,
पण मी किती शब्द लिहितो ते तो मोजायचा.

साहेबांनी नंतर विचारलं, समासात हे काय आहे,
पेन्सिलीनं, पान-पानावर?