सांधा

विट्यात, मायणी रोडला, माझ्या फाटकासमोर
इरशाद तांबोळी सकाळपासून खड्ड्यात उतरलाय.
काळ्या केबलची साल सोलून
आतनं काचेचे केस काढतो, एकेक,
स्पिरिटनं पुसतो, तान्ह्याचे कान पुसावेत तसे.
"काकू, ह्यातनं उजेड जातो."
आणि बोलणं?
"बोलणं, फोटो, पैसे. सगळं उजेडच करून."

मी एकतीस वर्षं एक्स्चेंजला होते.
माझ्याकडं दोऱ्या होत्या, पितळी टोकांच्या.
एक दोरी, एक बोलणं.
दोघं बोलत असली की मधली सगळी तार त्यांची,
गप्प बसली तरी त्यांचीच,
आणि बाकीचं गाव बाकड्यावर.
गलाईवाल्यांचं गाव हे, घरटी एक माणूस
परमुलखात सोनं वितळवायला:
मदुराई, कटक, त्रिशूर, सिलिगुडी.
देशाचा नकाशा मला शाळेनं नाही,
बोर्डावरच्या भोकांनी शिकवला.

इरशाद सांगतो, आता तसं नाही.
बोलण्याचे तुकडे करतात,
प्रत्येकावर पत्ता, प्रत्येकावर नंबर,
आणि देतात सोडून.
एक तासगाववरनं, एक कऱ्हाडवरनं,
पूल बुडाला तर तिसरा लांबनं, जतवरनं.
तिकडं गेल्यावर नंबरानं लावून घेतात.
एखादा नाहीच आला तर पलीकडचा म्हणतो,
सातवा मिळाला नाही, परत धाड.
मालक कोण रे ह्याचा?
"कुणीच नाही काकू. दुसऱ्याचा तुकडा
आपला नसला तरी पुढं द्यायचा,
एवढंच ठरलंय सगळ्यांत. त्यालाच इंटरनेट म्हणायचं."

एकोणसत्तर साली म्हणे अमेरिकेत
एका मशीननं दुसऱ्याला पहिला शब्द पाठवला.
पाच अक्षरांचा.
दोन गेली, आणि मशीन बसलं.
मी हसले.
मग नाही हसले.

अठ्ठ्याहत्तरचा श्रावण.
हौसाक्का दुपारपासून बाकड्यावर,
लेक त्रिशूरला, भट्टीवर.
विटा, सांगली, कोल्हापूर, पुणे, मद्रास,
ठिकठिकाणच्या बायका "बोला, बोला" म्हणत
रात्री नवाला तार जुळली.
हौसाक्का ओरडली, "पांडबा, तुला पोर—"
आणि सांगलीच्या पुढं कुठंतरी लाईन गेली.
उरलेलं "गी झाली" माझ्या कानापर्यंत आलं,
तिथंच थांबलं.
हौसाक्काला वाटलं, पोचलं.
पैसे मोजून, पदर सावरून घरी गेली.
तिकडं त्यानं पेढे वाटले,
कार्ड पोचायला सहा दिवस लागले,
सहा दिवस त्याला मुलगा होता.

परत लाईन मागता आली असती मला.
पण ऑपरेटरनं ऐकायचं नसतं,
आणि ऐकलेलं धाडायचं तर मुळीच नसतं.

इरशादनं दोन केस समोरासमोर धरले.
एवढीशी ठिणगी,
काच काचेत वितळली, मुशीतल्या सोन्यागत.
पडद्यावर आकडा आला: शून्य पूर्णांक शून्य दोन.
"एवढा उजेड जोडात गळतोच. चालतं."
गळतो म्हणजे, जातो कुठं?
तो जरा थांबला. हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.
"कुठं जाणार काकू? राहत असंल इथंच, सांध्यात."
डबा मिटला, चार स्क्रू पिळले,
माती ओढायला लागला.

मी कप उचलला.
दुसरा हात आपसूक कानावर गेला,
जिथं हेडफोनची पट्टी बसायची.