तरीची वही

सात वर्षं मी तरीवर रोख पैसे दिले.
जायचे दहा, यायचे दहा.
बाकीच्या बायका साडी गुडघ्यापर्यंत धरून उतरत
आणि चालू पडत.
त्यांचं वर्षाचं ठरलेलं:
घरटी दोन पायली भात नाहीतर पाच नारळ,
शिमगा झाला की.
वही धाकू तांडेलच्या टोपीखाली,
प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली.
तिच्यात माझं नाव नव्हतं.

पुण्यात अकरा वर्षं माझ्या दाराला पितळी पाटी होती.
समोरच्या दारालाही.
आम्ही एकमेकींच्या पाट्या ओळखायचो.
सकाळी दूध आत घेणारा हात दिसायचा,
हिरव्या बांगड्या,
मग एकदा तोच हात, बांगड्या नसलेला.
मी काही विचारलं नाही.
तिनंही माझं कधी काही विचारलं नाही
आणि खरं सांगते,
ते मला फार आवडायचं.

इथे आले त्याच आठवड्यात
इनासच्या बायकोनं कुंपणावरून विचारलं,
"घोव खंय असता तुझो?"
नसतो, म्हटलं.
दिवेलागणीपर्यंत खाडीच्या दोन्ही काठांना ते ठाऊक.
बांगडे आणले की किती आणले, कुठले आणले.
रविवारी उशिरा उठले
तर कोणीतरी दार वाजवून
मी जिवंत आहे एवढं बघून जायचं.
मी कडी लावून जमिनीवर बसून राहायचे,
तिसऱ्या मजल्यावर असल्यासारखी.

पलीकडच्या आरोग्य केंद्रात
गजांच्या खिडकीमागे माझी खुर्ची.
गोळ्या मोजायच्या, कागदात बांधायच्या,
सकाळी एक, रात्री एक, जेवल्यावर.
कोणाचं प्रेशर, कोणाची साखर,
कोणत्या नव्या सुनेला कोणत्या गोळ्या
आणि कोणाच्या नकळत.
परतताना तरीत शेजारी बसून ती म्हणते,
"पाण्याक आज ओढ हा गो."
मी म्हणते, हो, ओढ आहे.

धाकूचा मोठा मुलगा सहा महिने यायचा,
केंद्र बंद व्हायच्या वेळेला,
टोपी कपाळावर ओढून.
तिकडे लग्नाचं बोलणं चाललेलं.
मी गोळ्या बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यात घालून द्यायचे.
खोकला गेला. मग हळद लागली.
वरातीच्या होडीत मला नाळीपाशी बसवलं,
आणि का, ते कोणी विचारलं नाही.
या गावात कोणी न विचारल्याची
तेवढी एकच वेळ.
मुलीकडच्यांना सांगितलं होतं का,
मीही विचारलं नाही.
ती सून समोर बसली
की मी अजून पाण्याकडे बघते.

यंदा शिमग्यानंतर दहाची नोट पुढे केली,
तर धाकूनं वल्हं न सोडताच मान हलवली.
"तुजा नाव घातलंय वयीत."
म्हटलं, माझ्याकडे कुठला नारळ?
घर भाड्याचं, माड मालकाचे.
"माका काय सांगतंस? बघ तुजा तू!"
ओरडलाच जवळजवळ,
सात वर्षांचं अहो-जाहो
एका दमात पाण्यात टाकून.

बाजारातून पाच विकत घेतले.
त्यानं एकेक कानाशी धरून हलवला,
एक परत केला. "ह्यो कुसको."
दुसऱ्या दिवशी बदलून दिला.

वही बघितली तेव्हा.
ओल धरलेली पानं,
मेलेल्यांची नावं न खोडलेली,
आणि सगळ्यात खाली, पेन्सिलीनं:
गोळयेवाली, वरची वाडी, नारळ ५.

पुलाचे चार खांब वर आलेत.
पाचवा पावसाळ्यानंतर, म्हणतात.
मग रिक्षा, दहा मिनिटं, रोख पैसे.
धाकू खांबांच्या मधून तर काढतो
आणि त्यांच्याकडे बघत नाही.

मी उतरते. चपला हातात,
सलवार गुडघ्यापर्यंत वर,
आणि पैसे न देता चालू पडते.
दर वेळी वाटतं, मागून हाक येईल.
येतेच.
"काल तिखला खारट झाला म्हणतत!"
कोणी सांगितलं,
मी विचारत नाही.